शेवटच्या मिनिटात सात वर्षं

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती की डिटेक्टिव्ह मालिका संपतात कशा यावर कधीतरी बोलायला हवं. लिहून विसरूनही गेले मी. आणि मग जी पत्रं, जे मेल यायला लागले, बाप रे, लोकांच्या मनात किती वर्षांची खदखद साठलीये! एकीने तर चार पानं लिहिलीत आणि त्यातली तीन फक्त एका पात्राच्या लग्नावर. सगळं छापणं शक्य नाही म्हणून पाच घेतलीत, तीही कापून.

आधीच सांगते, खाली 'कॅसल', 'माँक', 'लाइन ऑफ ड्यूटी', 'शेरलॉक', 'इन्स्पेक्टर मोर्स' आणि 'मूनलायटिंग' यांचे शेवट राजरोस फोडलेत. ज्यांचं बघायचं बाकी असेल त्यांनी ते पत्र गाळून पुढे जा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रिटायर्ड माणूस. सूनबाईंनी मला 'कॅसल'ची सवय लावली, दर रविवारी दोन एपिसोड असा आमचा नेमच होता, मुलगा वैतागायचा पण आम्ही काही ऐकलं नाही. आठ सिझन, १७३ एपिसोड. शेवटच्या भागात कॅसल आणि बेकेट, म्हणजे तो रहस्यकथा लेखक आणि त्याची पोलीस डिटेक्टिव्ह बायको, दोघांनाही गोळ्या लागतात, जमिनीवर पडलेत, एकमेकांचा हात धरायला सरपटतायत, सून रडायला लागली, माझ्याही घशात काहीतरी अडकलं, आणि पुढच्या क्षणाला एकदम लख्ख उजेड, सात वर्षं उलटलेली, घरात तीन पोरं, सगळे हसतायत, खेळ खल्लास. मला वाटलं माझ्याच हातून रिमोटचं काहीतरी दाबलं गेलं. फसवल्यासारखं वाटतंय हो. एवढी मोठी चॅनलवाली माणसं, शेवट काय करायचा हे यांना आधी माहीत नसतं का?

उत्तर : काका, रिमोट निर्दोष आहे. मी पण तो भाग मागे नेऊन दोनदा बघितला होता, म्हटलं मधला एखादा सीन माझ्याकडून सुटला की काय. सुटला नव्हता, तो नव्हताच.

आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे हो, त्यांना माहीत नव्हतं. खरंच. अमेरिकेतल्या मोठ्या चॅनलांचं वर्ष साधारण सप्टेंबरला सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं, आणि पुढचा सिझन मिळणार की मालिका बंद हे बऱ्याचदा त्या मे महिन्यातच कळतं, म्हणजे शेवटचा भाग लिहून, शूट करून, एडिट होऊन पडलेला असतो तेव्हा. आता 'कॅसल'चं काय झालं बघा. एप्रिल २०१६ मध्ये बातमी आली की नववा सिझन झालाच तर त्यात स्टाना कॅटिक, म्हणजे आपली बेकेट, नसेल. म्हणजे लेखकांना असा भाग हवा होता की पुढे मालिका चालली तर बेकेट त्या गोळीने गेली असं दाखवता यावं, आणि बंद पडली तर दोघं सुखाने नांदली असंही दाखवता यावं. म्हणून गोळीबार, आणि मालिका बंद झालीच तर जोडायला म्हणून तो मिनिटभराचाही नसलेला सीन वेगळा शूट करून ठेवलेला. १२ मेला चॅनलने मालिका बंद केली आणि १६ मेला शेवटचा भाग लागला. चार दिवस! दोन्ही बाजूंनी घालता येतं तसलं जॅकेट होतं ते, तुम्हाला दाखवलं तेव्हा घाईत उलटवलेलं होतं आणि शिवण बाहेरून दिसत होती एवढंच.

सूनबाईंना एक सांगा, ती तीन पोरं अगदी आभाळातून पडलेली नाहीत. सहाव्या सिझनमध्ये एक माणूस येतो बघा, मी भविष्यातून आलोय म्हणणारा, तो या दोघांना सांगून जातो की तुम्हाला तीन मुलं होणार. म्हणजे ज्याने कोणी तो तुकडा लिहिला त्याला आपली मालिका पाठ होती. फक्त त्याला मिनिटभर मिळालं.

पण चॅनलच्या माथी सगळं मारून मोकळं होता येत नाही, कारण ज्यांना वर्षभर आधी माहीत असतं की आपण संपतोय तेही माती खातातच. मला वाटतं गोची मुळातच आहे. घरगुती मालिका घ्या, ती वर्षानुवर्षं एकच गाठ सोडवत असते, शेवटच्या भागात ती गाठ सुटली की झालं. डिटेक्टिव्ह मालिका दर आठवड्याला संपते. खून, संशयित, उलटतपासणी, खुनी, बेड्या. काकांनी आधीच १७२ वेळा शेवट बघितलाय, आणि बरेचसे चांगले. मग १७३ वा शेवट म्हणून तुम्ही देणार काय? केस सुटणार हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून लेखक प्रश्नच बदलतात, खुनी कोण हे राहतं बाजूला आणि या माणसांचं पुढे काय होणार हे सुरू होतं, आणि ते दाखवायला हिरोला त्याच्या कामावरून उठवतात. त्याला गोळी लागते, किडनॅप होतो, लपवलेली बहीण उगवते, नाहीतर बोहल्यावर चढतो.

म्हणून शेवट बरा की वाईट हे ठरवायला मी एकच गोष्ट बघते, शेवटच्या भागात डिटेक्टिव्ह ड्यूटीवर होता का? 'कॅसल'मध्ये आठ सिझन काय बघितलं आपण, तो पांढरा बोर्ड, त्यावर चिकटवलेले फोटो, दोघं कॉफीचे मग घेऊन त्याच्यासमोर उभे, एक वाक्य अर्धं हा बोलणार आणि उरलेलं ती पूर्ण करणार. आणि शेवटी काय, केस संपवून दोघं घरी येतात आणि घरातच बंदूकवाला उभा. ना बोर्ड, ना डोकं, नुसती बंदूक. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं ते तीन पोरांमुळे नाही काका, माझ्या मते त्या बोर्डामुळे.

जाता जाता, हे शेवटच्या भागाचं एवढं स्तोम अमेरिकन टीव्हीवर पूर्वी नव्हतं. बहुतेक मालिका नुसत्या थांबायच्या, एका आठवड्यात दिसल्या नाहीत की समजायचं. 'द फ्युजिटिव्ह' नावाची मालिका होती, बायकोच्या खुनाचा आळ आलेला डॉक्टर पळतोय आणि एका हाताच्या माणसाला शोधतोय. १२० भाग पळवला त्याला, आणि २९ ऑगस्ट १९६७ ला एकदाचा शेवट दाखवला तर अमेरिकेत सुमारे ७ कोटी ८० लाख लोक टीव्हीसमोर होते. तेव्हापासून चॅनलवाल्यांना कळलं की शेवट विकता येतो. आणि बघा, तिथे गाठ एकच होती, पहिल्या भागापासून. म्हणून जमलं.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे आणि माझं आणि माझ्या मित्राचं यावरून जाम भांडण झालंय. 'माँक'मध्ये डिटेक्टिव्ह माँक आठ सिझन बायकोचा खुनी शोधतो आणि शेवटी निघतो कोण तर एक जज, जो आधी कधी दिसलाच नाही, थेट शेवटच्या दोन भागांत आला. ही सरळ सरळ चीटिंग आहे ना? मित्र म्हणतो बेस्ट एंडिंग आहे. तुम्हीच सांगा.

उत्तर : नियमाने तुझं बरोबर आहे. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्लिश धर्मगुरू होते, स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले आणि त्यातला पहिलाच हा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. (बाकीचे पण धमाल आहेत, गुप्त दरवाजा एकापेक्षा जास्त नको, जुळा भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय काढायचा नाही वगैरे.) आता १२५ भागांच्या मालिकेत सुरुवातीचा भाग कुठला धरायचा हे बिचाऱ्या नॉक्सना कुठून माहीत असणार, पण २००२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा खुनी डिसेंबर २००९ मध्ये पहिल्यांदा तोंड दाखवतो हे काही नियमात बसत नाही. तेवढ्यापुरतं भांडण तू जिंकलास.

पण तो जज बाजूला ठेव आणि ते गिफ्टचं पाकीट आठव. माँकची बायको ट्रूडी गाडीतल्या बॉम्बने गेली, तिने त्याच्यासाठी ख्रिसमसचं गिफ्ट आणून ठेवलेलं, आणि याने ते बारा वर्षं उघडलंच नाही, कारण उघडलं की तिच्याकडून अजून काही यायचं बाकी राहणार नाही. आत निघते व्हिडिओ कॅसेट आणि त्यात खुद्द तिनेच सगळं सांगून ठेवलेलं. म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवरची फ्रेम एक इंच वाकडी असली तरी ज्याचा हात शिवशिवतो, कुणाच्या घरात पाय टाकला की दोन हात पुढे धरून सगळी खोली चाळून काढतो, त्या माणसाने आयुष्यात एकच वस्तू तपासली नाही, आणि पुरावा नेमका तिच्यात. हा क्लू मला प्रचंड आवडतो, कारण तो खुन्याचा नाहीये, डिटेक्टिव्हच्या स्वभावाचा आहे, आणि स्वभाव आपल्याला पहिल्या भागापासून माहीत होता. म्हणजे नॉक्सचा नियम मागच्या दाराने पाळलाच की. जज कोणीही चालला असता. खरं सांगू का, मला त्याचं नावही आठवत नाही आत्ता, पण ते पाकीट डोळ्यासमोर आहे.

आता एक उलटं उदाहरण देते. 'लाइन ऑफ ड्यूटी' बघितलीत का दोघांनी? भ्रष्ट पोलिसांना पकडणारे पोलीस, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला एक गुप्त बडा अधिकारी, ज्याला नुसतं 'एच' म्हणायचे. २ मे २०२१ ला सहाव्या सिझनचा शेवट लागला, तेव्हा तोच एकूण मालिकेचाही शेवट असं धरून लोक बसले होते, ब्रिटनमध्ये १ कोटी २८ लाख लोकांनी त्या रात्री बघितला. आणि तिथे नियम काटेकोर पाळलेला होता बरं का! एच निघाला बकल्स, जो पहिल्या सिझनपासून इकडेतिकडे फायली घेऊन फिरत होता. पकडला कसा तर स्पेलिंगवरून. जुन्या मेसेजमध्ये 'डेफिनिटली' हा शब्द दर वेळी चुकीचा लिहिलेला, 'आय'च्या जागी 'ए', आणि तीच चूक याच्या लिखाणात सापडली. शुद्ध पोलिसी काम, ड्यूटीवर बसून, कागद समोर ठेवून केलेलं. आणि लोक खवळले! हा? हा ढिला, आळशी, बढत्या मिळत गेलेला माणूस? एवढी वर्षं आम्ही याची वाट बघत होतो?

मीही त्या रात्री चिडले होते, कबूल करते. दुसऱ्यांदा बघताना मात्र वाटलं की यांनी बरोबर तेच दाखवलंय जे ऑफिसात प्रत्येकाने बघितलंय, की सगळ्यात जास्त नुकसान हुशार बदमाश करत नाही, ज्याच्याकडे कोणी नीट बघत नाही तो करतो. पण सहा सिझन ड्रम वाजवून वाजवून आणायचं आणि मग पडदा उघडून क्लार्क दाखवायचा, यात लोकांचा काय दोष? ड्रम त्यांनी नव्हता वाजवला. तर मित्रा, नियम पाळूनही माणूस निराश होतो आणि नियम मोडूनही रडतो. भांडण चालू ठेवा.

प्रश्न : मी 'सीआयडी'चा एकही भाग चुकवला नाही असं मला वाटायचं. पण परवा कोणीतरी विचारलं की शेवटचा भाग कोणता होता तर मला आठवेचना. वय झालं का माझं?

उत्तर : नाही हो, वय नाही झालं. लक्षात राहण्यासारखा निरोप कधी दिलाच नाही कोणी. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली मालिका दीड हजारावर भाग करून २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली आणि चॅनलने शब्द वापरला 'ब्रेक'. ब्रेक! वीस वर्षं दयाने दारं तोडली आणि यांनी आपलं दार नुसतं ढकलून ठेवलं, कडी न लावता. गंमत अशी की याच मालिकेने २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय सलग शूट केला होता, रेकॉर्ड म्हणून नोंद आहे त्याची. ज्यांना कट न म्हणता तास-दीड तास कॅमेरा फिरवता येतो त्यांना शेवटी एकदाही कट म्हणता येऊ नये, काय म्हणायचं.

आणि ढकललेलं दार उघडलंच, डिसेंबर २०२४ मध्ये मंडळी परत. मग २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले असं दाखवलं, चॅनलने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, लोक हळहळले, काहीजण तर शिवाजी साटमांनाच काही झालं की काय म्हणून घाबरले, आणि काही आठवड्यांनी साहेब परत हजर. त्यामुळे तुम्ही लक्षात ठेवूच नका, उपयोग नाही.

प्रश्न : मला शेवटी डिटेक्टिव्हला मारून टाकतात ते अजिबात आवडत नाही. आणि मारून परत जिवंत करतात ते तर त्याहून नाही. बीबीसीच्या 'शेरलॉक'ने माझा विश्वासघात केलाय आधी एकदा आणि मग शेवटच्या भागात पुन्हा. यांना जरा साधेपणाने निरोप घेता येत नाही का?

उत्तर : बाई गं, हे दुखणं टीव्हीपेक्षा जुनं आहे. कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकलला कारण त्याला त्याचा कंटाळा आला होता, आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, वाचक काही केल्या ऐकेनात आणि पैसेही भरपूर मिळत होते म्हणून परत आणला. तेव्हापासून प्रत्येक लेखकाला तो मोह होतो. बीबीसीवाल्यांनी जानेवारी २०१२ मध्ये शेरलॉकला हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारायला लावली, आपण दोन वर्षं कागदावर आकृत्या काढत बसलो की वाचला कसा, आणि १ जानेवारी २०१४ ला परत आला तर धड एक उत्तर नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या आणि त्यातली कुठली खरी ते बघा तुमचं तुम्ही. हा पहिला विश्वासघात. दुसरा १५ जानेवारी २०१७. त्याच १८९३ च्या कथेचं नाव घेतलेला भाग, बेटावरचा तुरुंग, आत अचाट बुद्धीची बहीण जिच्याबद्दल हिरोलाच आठवण नाही, आणि ती एकेका खोलीत कोंडून यांच्याकडून कोडी सोडवून घेते. नॉक्सने जुळ्या भावांवर नियम केला होता, लपवलेल्या बहिणी त्याच्या ध्यानात आल्या नाहीत. माझी तक्रार बहिणीबद्दल नाहीये, ती बाई काय काम करते! तक्रार ही की त्या तुरुंगात शेरलॉक डिटेक्टिव्ह राहत नाही, परीक्षेला बसलेला मुलगा होतो. पहिल्या भागात कुणाचा मोबाईल हातात घेऊन त्याच्यावरच्या ओरखड्यांवरून घराणं सांगणारा माणूस होता हा. तोच आपल्याला हवा होता.

पण मारणं वाईटच असं मी म्हणणार नाही, कारण मग 'इन्स्पेक्टर मोर्स'चं काय करू? ३३ भाग, १९८७ ते २०००. ऑक्सफर्ड, लाल जॅग्वार, बिअर, ऑपेरा, शब्दकोडी आणि सोबत लुईस, ज्याला हा माणूस तेरा वर्षं घालून पाडून बोलला. शेवटच्या भागात मोर्सचं हृदय साथ सोडतंय हे आपल्याला दिसतंय, तो कोणाला सांगत नाही. आणि तो हॉस्पिटलमध्ये प्राण सोडतो तेव्हा लुईस जवळ नाहीये, तो एअरपोर्टवर आहे, गुन्हेगाराला पकडतोय. बघितलंत? केस चालू आहे. काम चालू आहे. मोर्स शेवटचं एवढंच बोलतो की लुईसला माझ्याकडून थँक्स सांगा, आणि ते ऐकायला लुईस तिथे नाही. मग शवागारात लुईस येतो, थोडा वेळ उभा राहतो, वाकतो आणि साहेबांच्या कपाळावर ओठ टेकवतो. गुड बाय सर. संपलं. ना धबधबा, ना बेट, ना बॉम्ब. मोर्सचं काम करणारे जॉन थॉ स्वतः त्यानंतर सव्वा वर्षात गेले, त्यामुळे मला तर तो सीन आता बघवत नाही.

अगाथा ख्रिस्तीच्या 'प्वारो'बद्दलही पाच-सहा जणांनी विचारलंय, त्यातलं रहस्य मी मरेपर्यंत फोडणार नाही. फक्त एवढं सांगते, अगाथाबाईंनी त्याचा शेवट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवला होता, छापला १९७५ मध्ये, आणि तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर प्वारोच्या मृत्यूची बातमी दिली होती, खऱ्या माणसाची देतात तशी. टीव्हीवर डेव्हिड सुशेने २४ वर्षांत ७० भाग केले आणि तो शेवट १३ नोव्हेंबर २०१३ ला लागला. पण शूटिंगचा क्रम वेगळा होता. मरणाचा भाग त्या सिझनमध्ये सगळ्यात आधी उरकला, आणि शूटिंगचा शेवट केला एका हलक्याफुलक्या भागाने, तोही अगाथाबाईंच्या ग्रीनवे या घराच्या आवारात, म्हणजे सुशेसाठी प्वारो शेवटच्या दिवशी मिशांना पीळ देत, छोटी छोटी पावलं टाकत चालत होता. आम्हा प्रेक्षकांना का नाही रे ठेवलात तो क्रम?

(आणि हे ऐकून ठेवा. 'टॅगर्ट' नावाची स्कॉटिश मालिका होती, टॅगर्टचं काम करणारे मार्क मॅकमॅनस १९९४ मध्ये वारले. मालिका २०१० पर्यंत चालली. त्याच नावाने. सोळा वर्षं 'टॅगर्ट'मध्ये टॅगर्ट नाही!)

प्रश्न : मी एका मालिकेच्या चौथ्या सिझनवर आहे, नाव सांगत नाही कारण तुम्ही स्पॉयलर द्याल. सगळे म्हणतात शेवट बेकार आहे, आधीच सोड. सोडू का?

उत्तर : तुझ्या पहिल्या वाक्याचा मला राग आलाय पण असो, वरचं सगळं लिहिल्यावर कोणत्या तोंडाने नाही म्हणू.

सोडू नकोस. पण तू कुठे थांबायचं हे चॅनलवर कशाला सोडतोस, आपलं आपण ठरव. डिटेक्टिव्ह मालिकेची हीच तर सोय आहे, कुठलाही चांगला भाग शेवटचा म्हणून चालतो. 'कोलंबो' बघ. ६९ भाग, पहिला १९६८ चा आणि शेवटचा जानेवारी २००३ चा, आणि त्या शेवटच्या भागात विशेष काहीही नाही, एक नाइटक्लब, एक खून, नेहमीसारखा चुरगळलेला रेनकोट. कोणी निवृत्त होत नाही, कोणी मरत नाही. जिच्याबद्दल तो इतकी वर्षं बोलत राहतो ती बायको शेवटपर्यंत एकदाही समोर येत नाही, आणि नशीब आली नाही, फिनाले करायचा म्हणून तिला आणलीच असती एखाद्याने! कोलंबोचं काम करणारे पीटर फॉक २०११ मध्ये गेले पण कोलंबो कुठेच गेला नाही, तो अजून कुठल्यातरी श्रीमंत माणसाच्या दारातून निघतोय आणि अर्ध्यात परत वळतोय.

आणि चॅनलने बंद केलं म्हणून तोंड पाडून बसायलाच हवं असंही नाही, काहींनी जाता जाता बरोबर चिमटा काढलाय. 'मर्डर, शी रोट' बारा सिझन, २६४ भाग चालली, शेवटच्या वर्षी तिला हक्काच्या रविवारवरून उचलून गुरुवारी टाकली, 'फ्रेंड्स'समोर, कारण जाहिरातवाल्यांना तरुण प्रेक्षक हवा होता. ती तिथे मार खाणार हे उघड होतं. तर १९ मे १९९६ च्या शेवटच्या भागाचं नाव काय ठेवलं असेल, 'डेथ बाय डेमोग्राफिक्स'. आणि गोष्ट कसली, तर तरुण ऐकणारे मिळवायला कार्यक्रम बदलणाऱ्या रेडिओ स्टेशनची. मी तर टाळ्या वाजवल्या.

'मूनलायटिंग' त्याच्याही पुढे. १९८९ चा शेवटचा भाग. डिटेक्टिव्ह एजन्सी चालवणाऱ्या डेव्हिड आणि मॅडीला भागाच्या मध्येच कळतं की आपली मालिका बंद झालीये, आणि दोघं सेटवरून पळत सुटतात, मागे कामगार त्यांच्या ऑफिसच्या भिंती उचलून नेतायत, आणि निर्माता यांना सांगतो की लोकांचं तुमच्यावरचं प्रेम आटलंय. त्या मालिकेत अॅन्सेल्मो केस असं एक नाव नेहमी यायचं, अॅन्सेल्मोचं काय झालं, अॅन्सेल्मो केस कुठवर आली, पण ती केस होती काय हे कधीही सांगितलं नाही. आणि सगळं संपल्यावर पडद्यावर पाटी येते की या एजन्सीचं काम १४ मे १९८९ ला बंद झालं आणि अॅन्सेल्मो केस कधीच सुटली नाही.

तर तू चौथ्यावर आहेस ना, खुशाल पाचवा लाव. पुढच्या वेळी मात्र मालिकेचं नाव आणि कितव्या सिझनवर आहेस ते लिहीच, आणि हे बाकीच्यांनाही सांगतेय, कारण मागे एकदा नाव होतं पण सिझन लिहिला नव्हता आणि मी त्या बिचारीला उत्तरात सरळ खुनी सांगून बसले. तिने परत पत्र पाठवलं नाही.